जीएसटी उतरला, पण बंद पडलेल्या फ्रिजचं काय? सीमाभागातल्या दुरुस्तीचा हिशोब

बेळगाव, प्रतिनिधी : 22 सप्टेंबर 2025 पासून एसी, 32 इंचांपेक्षा मोठे टीव्ही आणि डिशवॉशर यांच्यावरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. तेव्हापासून गणपत गल्लीपासून खडेबाजारापर्यंत आणि इकडे निपाणी-चंदगडपर्यंत एकच बोलणं ऐकू येतं : आता दुरुस्तीत पैसे कशाला घालवायचे, जुनं एक्स्चेंजमध्ये द्या आणि नवीन घ्या. दुकानदाराला हे बोलणं सोयीचं आहे. पण घर चालवणाऱ्याला ते परवडतं का, याचा हिशोब कुणी मांडत नाही. तो मांडायचा तर तीन गोष्टी तपासाव्या लागतात. कर नेमका कशावर कमी झाला, वस्तू नेमकी कशाने बिघडते, आणि वीजबिल कुठल्या राज्याचं येतं.

स्वस्त काय झालं, काय नाही

फ्रिज, वॉशिंग मशीन आणि मिक्सर यांच्यावरचा कर 2025 मध्ये कमी झालेला नाही. तो जुलै 2018 मध्येच 28 वरून 18 टक्क्यांवर आणला होता. त्यामुळे 'जीएसटी कमी झाला म्हणून फ्रिज बदलून टाका' या सल्ल्याला आधार नाही. सणाची सूट वेगळी आणि कराची सूट वेगळी.

दुसरी बाजूही बघा. दुरुस्तीच्या सेवेवरचा जीएसटी 18 टक्केच आहे. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राचं बिल आलं की त्यात सुट्या भागावरही कर आणि मजुरीवरही कर. गल्लीतल्या मेकॅनिकची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर सेवेसाठी त्याला जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही, म्हणून त्याचं बिल हलकं असतं. पण त्याच्याकडे कंपनीचा अस्सल पार्ट सहज मिळत नाही. ग्राहक या दोघांच्या मध्ये अडकतो.

दिल्लीतला निर्देशांक आणि आपली गल्ली

दुरुस्तीचा प्रश्न सरकारच्या ध्यानात आलेला नाही, असं म्हणता येणार नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जुलै 2022 मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेती अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिच्यासमोर होती. त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टलही सुरू झालं. पुढे भरत खेरा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मे 2025 मध्ये 'दुरुस्ती निर्देशांका'चा अहवाल दिला. फ्रिजवर विजेचे तारे असतात तसे वस्तू किती सहज दुरुस्त होते याचे गुण छापावेत, अशी ही कल्पना. वस्तू उघडायला किती सोपी, दुरुस्तीची माहिती मिळते का, सुटे भाग वाजवी वेळेत येतात का, स्क्रू आणि अवजारं नेहमीची आहेत का, सॉफ्टवेअर किती काळ मिळणार, असे निकष त्यात आहेत. फ्रान्सने असा निर्देशांक 1 जानेवारी 2021 पासून लागू केला.

कल्पना चांगली आहे. पण अहवालाचा भर मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर आहे. शिवाय निर्देशांक येईल तो नव्या मालावर. वडगावच्या किंवा अनगोळच्या घरात आठ वर्षं चाललेला फ्रिज, खानापूरच्या घरातला गिझर, चंदगडच्या घरातला मिक्सर यांना त्याचा उपयोग नाही. तिथे उपयोगाला येतं ते एकच : बिघाड कशाचा आहे ते नीट ओळखणं. निम्मा खर्च चुकीच्या निदानापायी होतो.

दोष वस्तूचा की लाईनचा?

आपल्या भागात बऱ्याच वस्तू वस्तूच्या दोषाने मरत नाहीत. बेळगावात वीज हेस्कॉमची, शिनोळी ओलांडली की महावितरणची, दोडामार्गच्या पुढे गोव्याच्या वीज खात्याची. खांब कुणाचाही असो, एप्रिल-मेमधला वळीव सगळ्यांना सारखाच. वाऱ्याने फांदी पडते, तार तुटते, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीत टीव्ही आणि फ्रिजचे बोर्ड गेलेले असतात.

यातला सगळ्यात घातक प्रकार म्हणजे न्यूट्रल तुटणं. घरात येणारी वीज 230 व्होल्टची, पण खांबावरच्या दोन फेजमधला दाब सुमारे 400 व्होल्टचा असतो. न्यूट्रल तुटला की काही घरांत दाब एकदम चढतो आणि शेजारच्या घरात उतरतो. खूण सोपी आहे : तुमच्याकडचा बल्ब अचानक डोळे दिपवण्याइतका पेटतो, पंखा सुसाट धावतो आणि शेजारी अंधुक उजेड असतो. अशा वेळी फोन शोधत बसू नका. आधी मेन स्विच खाली, मग 1912 वर तक्रार.

तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. ग्राहकांच्या वीज हक्कांचे केंद्राचे नियम 2020 पासून आहेत, दाबाच्या तक्रारीही त्यात येतात. एकाच दिवशी एकाच डीपीवरच्या पाच-सहा घरांतल्या वस्तू जळाल्या असतील, तर सगळ्यांनी मिळून लेखी अर्ज द्यावा. एकट्याच्या अर्जाला 'तुमच्या घरातलं वायरिंग खराब' हे उत्तर तयार असतं, सहा घरांच्या अर्जाला ते देता येत नाही.

पाण्याचंही तसंच. काही दिवसांआड येणारं पाणी टाकीत साठतं, गाळ तळाला बसतो, आणि तोच गाळ वॉशिंग मशीनच्या पाईपच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत अडकतो. मशीन 'पाणी येत नाही' अशी खूण दाखवून थांबतं. नळ बंद करून पाईप काढला आणि ती जाळी जुन्या टूथब्रशने घासली की काम होतं. हेच काम माणूस येऊन करतो तेव्हा भेटीचा आकार लागतो.

फ्रिज : गॅस 'संपत' नाही

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'गॅस संपलाय, भरावा लागेल'. गाडीतलं पेट्रोल संपतं तसा फ्रिजमधला गॅस संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरला तर पुढच्या मोसमात पुन्हा तेच. म्हणून गॅस भरणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा : गळती कुठे होती आणि ती बंद केली का?

त्याहून महत्त्वाचं, पुष्कळदा गॅसचा संबंधच नसतो. दोन दारांच्या, आपोआप बर्फ वितळणाऱ्या फ्रिजमध्ये वर फ्रीझरला बर्फ होतोय, पण खाली दूध नासतंय, अशी तक्रार असेल तर गॅस बहुधा ठीक आहे. अशा फ्रिजमध्ये थंड हवा एक छोटा पंखा खाली ढकलतो. आतल्या कॉईलवर साचणारा बर्फ वितळवायला हीटर असतो आणि त्याला चालू-बंद करणारा सेन्सर. यातलं काही बिघडलं की कॉईल बर्फाने बुजते आणि हवेची वाट बंद होते.

घरच्या घरी तपासायचं तर फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून एक दिवस तसाच राहू द्या. खाली जुनं कापड टाका, पाणी येईल. परत सुरू केल्यावर चार-आठ दिवस उत्तम चालला आणि मग पुन्हा खाली थंडावा गेला, तर दोष बर्फ वितळवणाऱ्या व्यवस्थेत आहे असं मेकॅनिकला सांगा. हे सांगणारं गिऱ्हाईक दिसलं की गॅसची भाषा थांबते. सुरू केल्यावरही खाली मुळीच थंड झालं नाही, तर आधी तो छोटा पंखा फिरतो का ते बघायला सांगा.

दुसरी खूण कानाने कळते. मागून दर दोन-चार मिनिटांनी 'टक्' आवाज येतो आणि कॉम्प्रेसर सुरू होत नाही. लगेच 'कॉम्प्रेसर गेला' असं मानू नका. दाब कमी असेल तरी असंच होतं. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरला चिकटलेला रिले गेला तरीही असंच होतं. रिले कॉम्प्रेसरच्या तुलनेत अगदी स्वस्त भाग आहे. तो बदलून बघितल्याशिवाय कॉम्प्रेसरच्या खर्चाला होकार देऊ नये.

तिसरी गोष्ट दाराचं रबर. कागदाचा कपटा दारात धरून दार लावा आणि ओढा. कागद सहज निसटत असेल तर तिथून थंडावा बाहेर जातो आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. रबर आधी साबणाच्या कोमट पाण्याने पुसून बघा, बऱ्याचदा चिकट घाणीमुळेच ते बसत नाही.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात

मिक्सर चटणी वाटता वाटता बंद पडला, तर तळाला लाल बटण असतं. जास्त भार पडला की ते बाहेर येतं. प्लग काढून मिक्सर थंड होऊ द्या आणि बटण दाबा. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तर कपलरचे दाते झिजलेत. आतून ठिणग्या दिसतात आणि ताकद कमी झाली, तर कार्बन ब्रश. हे दोन्ही भाग किरकोळ किमतीचे. जळका वास आणि धूर आला तर मात्र वाइंडिंग गेलं, तिथे खर्चाचा विचार करावा.

साधा पंखा सावकाश फिरतो किंवा हाताने ढकलल्यावरच सुरू होतो, तर बहुतेक वेळा कपॅसिटर. तो शंभर रुपयांच्या आत येतो. तेवढ्यासाठी पंखा भंगारात देऊ नये.

पुढून उघडणारं वॉशिंग मशीन पाणी सोडत नसेल, तर खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडून गाळणी बघा. नाणी, पिना, लहान मुलांचे मोजे तिथेच सापडतात. आधी पाणी थंड असल्याची खात्री करा आणि खाली परात ठेवा.

गिझरचं पाणी हाताला झिणझिण्या आणत असेल, तर त्यात 'थोडंसं' काही नसतं. हीटिंगचा दांडा फुटलेला असतो आणि अर्थिंगही नीट नसतं. त्या क्षणापासून गिझर बंद. बिघाड दुरुस्त करून घ्याच, शिवाय मेनला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या, कारण साधी एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही.

आणि मायक्रोवेव्ह घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज शिल्लक राहू शकते.

एकच फ्रिज, तीन राज्यं, तीन उत्तरं

आता पैशाचा हिशोब. आकडे उदाहरणादाखल घेतलेत, आपापले घालून बघावेत. समजा दहा वर्षांच्या फ्रिजचा बोर्ड गेला आणि दुरुस्तीला 5,500 रुपये सांगितले. नवा फ्रिज 27,000, जुन्याचे 2,000 वजा, म्हणजे 25,000. तो दहा वर्षं चालला तर वर्षाचा खर्च 2,500 रुपये.

वीज धरलीच नाही तर 5,500 भागिले 2,500, म्हणजे 2.2. दुरुस्त केलेला फ्रिज सव्वादोन वर्षं चालला की पैसे वसूल. आता जुना फ्रिज नव्यापेक्षा दिवसाला 0.4 युनिट जास्त खातो असं धरू. वर्षाला 146 युनिट. 8 रुपये दराने 1,168 रुपये. म्हणजे जुना ठेवण्यातली वर्षाची बचत 1,332 वर येते आणि दुरुस्ती वसूल व्हायला चार वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. दर 3 रुपये धरला, तर पावणेतीन वर्षांच्या आसपास.

याचा सीमाभागातला अर्थ असा. महावितरणचं बिल भरणाऱ्या चंदगडच्या घराला दहा वर्षांच्या फ्रिजवर साडेपाच हजार खर्च करताना दोनदा विचार करावा लागेल. गोव्यात घरगुती विजेचा दर तुलनेने कमी, तिथे दुरुस्ती लवकर परवडते. आणि बेळगावात गृहज्योती योजनेत शून्य बिल येणाऱ्या घराला तर दुरुस्तीच फायद्याची. म्हणून पुण्या-मुंबईत बसून दिलेला 'जुना फ्रिज बदलाच' हा सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

पण गृहज्योतीतही एक मेख आहे. महिन्याचा वापर 200 युनिटच्या वर गेला की सगळं बिल भरावं लागतं. दाराचं रबर सैल झाल्याने 120 वॅटचा कॉम्प्रेसर दिवसाला 12 तास जास्त चालला, तर 1.44 युनिट वाढतात, महिन्याला सुमारे 43. एरवी 170 युनिट वापरणारं घर 213 वर जातं आणि शून्याचं बिल पुरं होऊन येतं. बिल अचानक आलं तर मीटरला दोष देण्याआधी फ्रिजच्या दारात कागद धरून बघा. 200 च्या आतही प्रत्येक घराला स्वतःच्या जुन्या सरासरीवर बेतलेली मर्यादा आहे, त्यावरच्या युनिटचे पैसे लागतातच.

पिनकोडची सीमा

चंदगड, शिनोळी भागातली मंडळी खरेदीला बेळगावात येतात, कारण त्यांना कोल्हापूर लांब. वॉरंटी देशभर चालते, पण तक्रार नोंदवताना कंपनीचा संगणक पिनकोड विचारतो. 416 ने सुरू होणारा आकडा दिला की तक्रार महाराष्ट्रातल्या केंद्राकडे जाण्याची शक्यता जास्त, मग बेळगावचं केंद्र हाकेच्या अंतरावर असलं तरी. त्यामुळे सीमेपलीकडून येऊन खरेदी करणाऱ्यांनी पैसे देण्याआधीच दुकानदाराकडून एक गोष्ट लिहून घ्यावी : आमच्या गावाला सेवा कुठलं केंद्र देणार?

गंमत अशी की फ्रिज पुण्याजवळच्या रांजणगावात बनतात, वॉशिंग मशीन गोव्यातल्या वेर्ण्यात बनतात. कारखाने दोन्ही बाजूंना आहेत, पण मध्ये राहणाऱ्याला दोनशे रुपयांच्या भागासाठी पंधरा दिवस थांबावं लागतं.

वॉरंटीतही बारकावे आहेत. 'कॉम्प्रेसरवर दहा वर्षं' याचा अर्थ कॉम्प्रेसर फुकट एवढाच असू शकतो. गॅस, मजुरी आणि बोर्ड त्यात धरलेले आहेत का, हे कार्डावर वाचावं. कार्ड बहुतेक इंग्रजीत असतं, तरी विकत घेताना दुकानदाराकडून तोंडी समजून घ्यायला हरकत नाही.

कायदा याबाबत ग्राहकाच्या बाजूने आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. त्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. म्हणजे चंदगडच्या ग्राहकाने बेळगावात वस्तू घेतली असली तरी तो कोल्हापूरच्या आयोगात जाऊ शकतो, आणि म्हापशात घेतलेल्या वस्तूसाठी बेळगावकराला गोव्यात खेटे घालावे लागत नाहीत. 5 लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करावा. ती 17 भाषांत चालते, त्यात मराठीही आहे आणि कन्नडही. पण हातात कागद हवा. म्हणून दुरुस्ती कुणाकडूनही करा, पावती घ्या, बदललेला जुना भाग मागून घ्या आणि कामाची हमी किती महिन्यांची ते लिहून घ्या.

गल्लीतला मेकॅनिक टिकला पाहिजे

या सगळ्यात ज्याचं नाव कुठल्याच योजनेत नाही तो माणूस म्हणजे गल्लीतला दुरुस्ती करणारा. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. त्यात कुलूप बनवणारा आहे, शिंपी आहे, न्हावी आहे, पण फ्रिज-मिक्सर दुरुस्त करणारा नाही. त्याचं शिक्षण उस्तादाच्या हाताखाली झालेलं. आणि वस्तू मात्र त्याच्या डोळ्यांदेखत बदलल्या. फ्रिज इन्व्हर्टरचे झाले, पंखे बीएलडीसीचे झाले, जिथे रिले होता तिथे बोर्ड आला.

यात नुसता धंद्याचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. आता बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-600ए हा गॅस असतो. तो स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला, पेट घेणारा. जुन्या आर-134ए ची सवय असलेल्या हाताने बंद स्वयंपाकघरात तशीच वेल्डिंगची ज्योत लावली तर आग लागू शकते. फ्रिजच्या मागे किंवा कॉम्प्रेसरवर गॅसचं नाव छापलेलं असतं. आर-600ए असेल तर खिडक्या उघड्या, शेगडी बंद, आणि शक्य तर काम घराबाहेर मोकळ्या जागेत. एका जातीच्या गॅसच्या जागी दुसरा भरू देऊ नये.

आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पण चाळिशीतल्या, दुकान चालवणाऱ्या माणसाला दोन वर्षं कशी जमणार? त्याला हवं ते दहा-पंधरा दिवसांचं संध्याकाळचं शिक्षण : ज्वलनशील गॅस कसा हाताळायचा, बोर्ड कसा तपासायचा. उद्यमबागेत कारखाने आहेत, शहरात आयटीआय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. व्यापारी संघटना आणि या संस्था एकत्र बसल्या तर सरकारी आदेशाची वाट न बघता हे सुरू होऊ शकतं. मराठी आणि कन्नड दोन्हीत शिकवलं तर सीमेच्या अलीकडचे-पलीकडचे दोघंही येतील.

कंपन्यांकडून मागायचं ते सुट्या भागांचे दर. दर आणि भाग दोन्ही उघड मिळाले तर मेकॅनिकही टिकेल आणि ग्राहकही फसणार नाही. भाग अडवून ठेवण्याबद्दल स्पर्धा आयोगाने 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड लावला होता, ते प्रकरण पुढे अपिलात गेलं. गाडीच्या भागाबद्दल जे म्हणता येतं ते फ्रिजच्या बोर्डाबद्दल का म्हणू नये?

दुरुस्ती निर्देशांक घरगुती उपकरणांवर येईल तेव्हा येईल. तोवर स्वतःपुरता एक निर्देशांक वापरता येतो. नवी वस्तू घेताना किमतीबरोबर तीन प्रश्न विचारा : बोर्ड केवढ्याला, तो किती दिवसांत येतो, आणि आमच्या पिनकोडला माणूस कुठून येणार. तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर सूट कितीही असो, पुढचं दुकान बघावं.